बाकावरची मोकळी जागा

१

मेयरसाहेबांच्या खोलीचं दार उघडायचं आणि आत जाणाऱ्याचं नाव मोठ्यानं सांगायचं, एवढंच माझं काम होतं. ज्याला चारचौघांत बोलता येतं त्याला हे काम वाटणारही नाही. मला मात्र पहिले काही महिने सकाळची न्याहारी घशाखाली उतरत नसे. शाळेत मास्तरांनी पुकारलं की नुसतं 'हजर' म्हणताना माझा आवाज जायचा. वडील वारल्यावर शाळा सुटली, तेव्हा त्या दुःखात एवढा एकच दिलासा होता.

आमचे साहेब, ओबेड लॅराबी, हे ओळखून होते. माझे वडील त्यांच्या बर्फाच्या कोठारात घोडे सांभाळायचे. मेयर झाल्यावर साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"जोथम, इथं तुला दिवसभर दुसऱ्यांची नावं घ्यायची आहेत. स्वतःचं एकदाही नाही. जमेल?"

मी मान हलवली.

"मान नको. तोंड."

"जमेल, साहेब."

"बघ, झाली की सुरुवात."

आमच्या टिल्सबरी शहरात त्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. गोठलेल्या नदीवर करवतीनं बर्फ कापणारा मजूर. मग एका घोड्याचा मालक, मग एका कोठाराचा, मग नदीकाठच्या सगळ्याच कोठारांचा. आमच्या नदीचा बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून त्यांच्या जहाजांतून दूर दक्षिणेकडे जायचा. पण लोकांनी त्यांना दुसऱ्यांदा निवडून दिलं ते पैशासाठी नाही. बाकासाठी.

हा बाक त्यांनी नदीवरच्या आपल्या जुन्या कचेरीतून आणून दाराबाहेरच्या दालनात भिंतीला लावला होता. पाइन लाकडाचा, लांबलचक, बसून बसून मधे खोलगट झालेला. नियम एकच. जो आधी बसला तो आधी आत जाणार. आतून टेबलावरची पितळी घंटा वाजली की दाराजवळचा उठायचा आणि बाकीचे सगळे एकेक जागा पुढं सरकायचे. एकदा सिनेटचे कोणी मोठे गृहस्थ आले, तेही मासेवालीच्या शेजारी बसून असेच सरकत सरकत आत गेले. बाकाच्या टोकाला बर्फाच्या पाण्याची बादली आणि टिनचं ओगराळं असायचं. ज्याला तहान लागेल त्यानं प्यावं. बारा वाजता खोली बंद. उरलेल्यांनी उद्या यायचं.

साहेब स्वतः मागच्या जिन्यानं खोलीत यायचे आणि मागच्याच जिन्यानं जायचे. बाहेरचा बाक त्यांच्या नजरेला क्वचितच पडायचा. त्यांना फक्त मी सांगितलेली नावं ऐकू यायची.

२

ऑगस्टमध्ये उकाडा असह्य झाला. खिडक्या सताड उघड्या असूनही दालनात हवा हलत नव्हती. त्या सकाळी बाक भरला होता आणि जागा नाही म्हणून काही जण भिंतीला टेकून उभे होते.

माझं लक्ष गेलं ते त्यामुळंच. माणसं उभी होती आणि बाकावर, अगदी शेवटाकडे, एका माणसापुरती जागा मोकळी होती.

"तिथं जागा आहे," मी उभ्या असलेल्या गाडीवान डूलनला म्हणालो.

त्यानं तिकडं पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "असू दे. मी बरा आहे."

"पाय दुखतील."

"पाय माझे आहेत ना? मग दुखू देत."

घंटा वाजली. पहिला आत गेला. सगळे सरकले. मोकळी जागाही सरकली.

मी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. दोन माणसांमधलं अंतर कुठंही राहतं. कुणाला शेजाऱ्याच्या घामाचा वास नको असतो, कुणाची टोपी ठेवलेली असते. पण पुन्हा घंटा झाली, पुन्हा सगळे सरकले, आणि त्या जागेच्या अलीकडची म्हातारी हॅस्केलबाई आपली पायांजवळची टोपली उचलून बरोबर एक जागा पुढं गेली. पलीकडचा माणूसही एकच जागा पुढं आला. मधे कुणी बसलेलं असावं तसं.

बारा वाजले. लोक उठून गेले. मी बाक पुसायला घेतला तर एका ठिकाणी फळी ओली होती. बादली दुसऱ्या टोकाला होती. ओलीला लाकडाचा भुसा चिकटला होता.

कुणी कोठारातला मजूर बसला असेल, असं मी ठरवून टाकलं.

३

दुसऱ्या दिवशी ती जागा बाकाच्या मध्यावर होती. म्हणजे जो कोणी नव्हता, तो आज लवकर आला होता.

हा विचार माझ्या मनात याच शब्दांत आला आणि मला स्वतःचाच राग आला. साहेबांचा कारकून वायमन कागद घेऊन आत-बाहेर करत होता. त्याला मी हळूच विचारलं, "वायमनसाहेब, बाकावर तुम्हाला काही दिसतंय का?"

"टिल्सबरीचे मतदार दिसतायत. वास पण येतोय त्यांचा."

"मधे एक जागा रिकामी आहे."

त्यानं चष्मा वर केला. "आहे की. मग बसव कुणालातरी."

"कुणी बसत नाही."

"जोथम, तुला बोलायचा पगार मिळतो, विचार करायचा नाही. बसव."

मी एका नव्या आलेल्या सुताराला दंडाला धरून तिथं नेलं. तो चांगला धट्टाकट्टा, हसरा माणूस. गुडघे वाकवून खाली बसायला गेला आणि अर्ध्यातच ताठ झाला. "माफ करा," असं म्हणाला. मला नाही. बाकाकडे पाहून म्हणाला. मग लाल होऊन भिंतीशी जाऊन उभा राहिला.

"कुणाला माफ करा म्हणालात?" मी विचारलं.

"मी? मी कुठं काय म्हणालो?"

मी बादलीतलं पाणी प्यायलो. येताना त्या जागेजवळून गेलो. तिथं गारवा होता. बर्फाच्या बादलीवर हात धरल्यावर लागतो तसा नाही; फेब्रुवारीत नदीवर उभं राहिल्यावर नाकातून आत जातो तसा.

४

त्यापुढच्या दिवशी वायमननंच पुढाकार घेतला. त्यालाही चैन पडत नसावं, पण कबूल करणाऱ्यांतला तो नव्हता. "बाकाला रोगण लागायला हवं," असं सांगून त्यानं शिपायांकरवी बाक तळघरात नेला आणि दालनात खुर्च्या मांडल्या.

लोक आले. खुर्च्या भरल्या. एक भरली नाही. ती दारापासून अगदी जवळ होती.

वायमननं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "संध्याकाळपर्यंत बाक वर आणून ठेवा," एवढंच म्हणाला आणि त्या दिवशी कागद न्यायला दालनातून गेलाच नाही.

हॅस्केलबाई टोपली मांडीवर घेऊन बसली होती. गटाराची तक्रार घेऊन ती आठवडाभर येत होती आणि रोज तिची पाळी यायच्या आत बारा वाजत होते. तरुणपणी ती नदीवर बर्फ कापणाऱ्या टोळ्यांना जेवण रांधायची, घेवड्याचं कालवण आणि पाव. बारा वाजल्यावर सगळे गेले, तरी ती उठली नाही.

"पोरा, तुला दिसतो का रे तो?"

"नाही, बाई. तुम्हाला?"

"मलाही नाही. पण मी त्याच्याशेजारी बसते ना. इतक्या वर्षांनी शेजारपण आलं नशिबी." तिनं टोपलीवरचं फडकं नीट केलं. "वरच्या अंगानं, कॅनडातून आला होता. भाषा कुणाला कळायची नाही त्याची. त्या वर्षी बर्फ पातळ होता. हा कमरेपर्यंत भिजून कचेरीत पळत आला. हातानं दोराची खूण करत होता, नदीकडं बोट दाखवत होता. आत मालकांकडे, म्हणजे तुझ्या साहेबांकडे, दक्षिणेचे व्यापारी बसलेले. कुणालाही आत सोडू नका, हुकूम होता. मग दारावरच्यानं त्याला बाकावर बसवलं."

"मग?"

"मग बसला. उठला असता तर पाळी गेली असती, असं वाटलं असेल त्याला. मी त्याला गरम कालवण नेऊन दिलं. वाटी तशीच होती हातात. संध्याकाळी दार उघडलं तेव्हाही तशीच होती. हात मात्र गोठून लाकडासारखा झाला होता."

"आणि नदीवर कोण होतं?"

हॅस्केलबाई उभी राहिली. "ते विचारायलाच तर कुणी दार उघडलं नाही ना, बाळा."

५

मला साहेबांना वाचवायचं होतं. कशापासून, ते मला सांगता आलं नसतं. पण सकाळी बाक जागेवर आलेला होता आणि मोकळी जागा दारापासून दुसरी होती. आज पाळी येणार होती.

घंटा झाली. पहिला आत गेला, बाहेर आला. सगळे सरकले. मोकळी जागा दाराशी आली. तिच्यापुढं फरशीवर पाण्याचे दोन डाग होते, पावलांएवढे, आणि ऑगस्टच्या त्या उकाड्यातही ते सुकत नव्हते.

घंटा पुन्हा झाली.

"मिस्टर डूलन," मी म्हणालो.

डूलन त्या जागेच्या पलीकडे बसला होता. तो हलला नाही. "माझी पाळी नाही रे."

"तुमचीच आहे. चला."

"जोथम, माझ्या पुढं..." तो थांबला. पुढं कोण, ते त्यालाही सांगता येईना.

मी त्याला उठवलं, दार उघडलं, नाव पुकारलं, आत ढकलल्यासारखं सोडलं. दार लागलं. लगेच उघडलं. डूलन बाहेर आला तो थंडीनं दात वाजवतच. "साहेब विचारतायत, मी कुणाची पाळी ओलांडून आलो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, पोरानं पाठवलं."

घंटा वाजली नाही. बारा वाजेपर्यंत वाजलीच नाही. लोक कुजबुजत निघून गेले. मग आतून साहेबांनी मला हाक मारली.

ते खिडकीशी उभे होते, पाठमोरे. मोठ्या अंगाचा माणूस. पण त्या दिवशी कोट त्यांना ढगळ दिसत होता.

"दार उघडलंस तेव्हा फरशीवरचे डाग दिसले मला. किती दिवस येतोय तो?"

मी बोटं वर करून दाखवली.

"तोंड, जोथम."

"थोडे दिवस झाले, साहेब. रोज आधीपेक्षा लवकर येतो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"नाव कळलं नाही, साहेब. काय सांगणार?"

ते वळले. मला वाटलं होतं ते चिडले असतील. त्यांचा चेहरा पाहून माझा धीर सुटला. "तेव्हा मला वाटलं होतं, पगार वाढवून मागायला आलाय," ते म्हणाले. "पातळ बर्फाच्या वर्षी सगळेच मागायचे. दाराच्या फटीतून मला त्याचे बूट दिसत होते. मी पाहिले आणि पुन्हा बोलायला लागलो."

"बाक जाळून टाकू, साहेब. मी स्वतः जाळतो. तुम्ही थोडे दिवस बहिणीकडे जा."

"त्या बाकाच्या जोरावर मी निवडून आलोय."

"साहेब, त्याला आत घेऊ नका. मी तुमच्या पाया पडतो."

"तुझ्या वडिलांनी एक गोष्ट तुला शिकवली असेल. थंडीत कोठाराच्या कडीला उघडा हात लावायचा नाही."

"हो. कातडी चिकटून निघते."

"ती कडी तेव्हा मी धरून ठेवली होती. आता सोडवून घ्यायची म्हणजे थोडी कातडी जाणारच." ते टेबलाशी येऊन बसले आणि घंटेवर हात ठेवून म्हणाले, "उद्या त्याचं नाव विचार. सगळ्यांचं विचारतोस, त्याचंही विचार. मी तेही कधी केलं नाही."

६

रात्रभर मी ते दोन शब्द म्हणून पाहत होतो. 'आपलं नाव?' हजारदा विचारलेले शब्द. आईनं उठून विचारलं, कुणाशी बोलतोयस. मी म्हटलं, कामाचं आहे.

सकाळी ती जागा पहिलीच होती. मी दालनाचं दार उघडलं तेव्हा आत कुणीच नव्हतं, आणि तरीही कुणीतरी सगळ्यांच्या आधी येऊन बसलं होतं, हे फळीच्या ओलीवरून कळत होतं. मग एकेक करत लोक आले. डूलन आला, सुतार आला, हॅस्केलबाई आली. ती त्या जागेला लागून, दुसरी बसली. वायमन त्याच्या खोलीच्या दारात उभा राहिला. त्या दिवशी कुणी गप्पा मारत नव्हतं. बादलीतल्या बर्फाचे तुकडे एकमेकांवर आपटत होते तेवढाच आवाज.

घंटा झाली.

मी त्या जागेपुढं गेलो आणि वाकलो. बसलेल्या माणसाशी बोलताना वाकतो तसा. माझ्या तोंडातून वाफ निघाली.

"आपलं नाव?"

मला काही ऐकू आलं असं मी म्हणणार नाही. डोकं ठिकाणावर असलेला माणूस असं म्हणत नाही. इतकंच सांगतो, की मी सरळ झालो, दार उघडलं, आणि माझ्या तोंडून एक नाव निघालं. मोठ्यानं, स्वच्छ, न अडखळता. आयुष्यात इतक्या मोकळ्या आवाजात मी कधी बोललो नव्हतो. आणि उच्चारून होताच ते माझ्यापाशी राहिलं नाही.

साहेब खुर्चीतून उठले. सिनेटच्या गृहस्थांसाठीसुद्धा ते उठले नव्हते.

"या," ते म्हणाले. "फार वेळ बसवलं तुम्हाला."

माझ्या बाजूनं गार हवा आत गेली. मी दार ओढून घेतलं.

मागं वळलो तर हॅस्केलबाई डोळे पुसत होती. "हो," ती म्हणाली. "हेच. हेच होतं नाव."

"काय होतं, बाई?"

तिनं तोंड उघडलं. मग हात पसरले.

"मला तर काहीच ऐकू आलं नाही," डूलन म्हणाला. "पोरा, तू नुसतं तोंड उघडलंस."

बाकावर कुणी सरकलं नाही.

७

आतून सुरुवातीला साहेबांचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, सावकाश, समजावल्यासारखा. मधे मधे थांबायचा. उत्तर ऐकायला थांबतात तसा. मग त्यांचं थांबणं लांबत गेलं. मग नुसतं थांबणंच उरलं.

वायमन माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. "ठोठाव."

"तुम्ही ठोठावा."

दोघांनीही ठोठावलं नाही.

दार आतून उघडलं, तेही अगदी थोडं, आणि साहेब बाहेर आले. कोट कमरेपर्यंत भिजून काळा झाला होता, बाह्यांना भुसा लागला होता. मी म्हणालो, "साहेब." वायमन म्हणाला, "साहेब, डॉक्टरांना बोलावू?" ते आमच्याकडं न बघता आमच्या मधून गेले. बाकाच्या पार शेवटाला गेले. तिथं सुतार बसला होता. तो काही न बोलता थोडा पुढं झाला, आणि साहेब शेवटच्या जागेवर बसले. गुडघे जुळवून, हात मांडीवर, दाराकडे पाहत. त्यांच्या बुटांखाली पाणी साचायला लागलं.

मी जवळ गेलो. "खोलीत चला ना, साहेब. तुमची खुर्ची..."

"पाळी यायचीय," ते म्हणाले. नम्रपणे म्हणाले. अनोळखी कचेरीत आलेला माणूस दारावरच्याशी बोलतो तसे.

"पण आत कोण आहे?"

 माझ्या आणि त्यांच्या मधे एक क्षण त्यांचा श्वास पांढरा दिसला, मग तोही दिसेनासा झाला.

मी मागं वळून पाहिलं. दाराची फट तशीच होती. फटीतून टेबलाची कड दिसत होती, शाईची दौत होती, तिच्यावर पांढरा थर धरला होता. खुर्ची टेबलाशी ओढून घेतलेली होती, कुणी नीट बसल्यावर असते तशी. टेबलाखाली बूट होते. जाड तळव्यांचे, नदीवर घालतात ते.

मग दार आतून लागलं.

मी स्वतःला सांगितलं, वारा. दालनात वारा नव्हता.

आणि घंटा वाजली. साहेब ती एकदाच, हलक्या हातानं वाजवायचे. ही वाजत राहिली. हात आखडलेला माणूस वाजवेल तशी, अडखळत, पण थांबेना.

हॅस्केलबाईनं टोपली उचलली. "माझी पाळी आली वाटतं."

"बाई, नका जाऊ."

"आठवडा झाला येतेय मी, पोरा."

"आज नको. उद्या या. मी सगळ्यात आधी तुम्हाला..."

"उद्या, उद्या," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "त्यालाही असंच कुणीतरी सांगितलं असेल. सरक बाजूला. मी त्याला कालवण दिलं होतं. मला तो काही करायचा नाही."

मी वायमनकडं पाहिलं. तो भिंतीकडं तोंड करून उभा होता. बाकावरचे सगळे एक जागा पुढं सरकले होते, आणि शेवटाला साहेबही सरकले. त्यांच्या मागं फळीवर ओला पट्टा राहिला. सुतार आणि त्यांच्या मधे आता एका हाताचं अंतर होतं. सुतारानं ते कधी सोडलं, मला दिसलं नाही.

"दार उघड, जोथम," साहेब तिथून म्हणाले. फार लांबून आल्यासारखा आवाज. "माणसांना ताटकळत ठेवू नये."

घंटा वाजतच होती. मी नाव घेण्यासाठी तोंड उघडलं, घामानं भिजलेला हात दाराच्या पितळी मुठीवर ठेवला, आणि तो हात मला पुन्हा उचलता आला नाही. कातडी मुठीला चिकटली होती.